झिजलेला बाट

कापसाची पहिली गाडी यंदा दसऱ्याच्या आधीच आमच्या दारावरून गेली. गाडी म्हणजे बैलबंडी नाही. बंड्या आता राहिल्या कुठे. पांढरा पिकअप, वरून जाळी आवळलेली, अन् जाळीच्या भोकाभोकातून कापूस बाहेर आलेला. आमच्या बोरगावच्या वळणावर एक गड्डा आहे. दर वर्षी तो बुजवतात अन् दर वर्षी तो आपल्या जागी परत येतो. तिथे गाडी उसळली आणि चार बोंडांचा कापूस उडून माझ्या ओट्यावर पडला. मी उचलला, चिमटीत दाबला, गालाला लावून पाहिला. कोरडा होता.

सवय, दुसरं काय. चाळीस वर्षं मी वर्ध्याच्या कापूस बाजारात मापाडी होतो. मापाडी म्हणजे काट्यावरचा माणूस. माल विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला, अन् मधे मी. शिकलो चौथी, अन् चौथीचा निकाल पाहायला काही गेलो नाही. पण ढिगात कोपरापर्यंत हात घातला की मला कळायचं, कापसावर पाणी मारलं की नाही. वरून कितीही ऊन दाखवा, खोटा कापूस आतून गार लागतो. मोठमोठे लोक माझ्या हातापुढे गप्प झालेले मी पाहिले आहेत. "मापाड्यानं सांगतलं ना, मंग झालं," असं म्हणत. ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला सांगू.

कापसाच्या हंगामाला एक वास असतो. सरकीचा तेलकट, बोऱ्यांच्या तागाचा, अन् सकाळी काट्याच्या लोखंडावर दव धरतं त्याचा. तंतू नाकात जातात, भुवयांवर बसतात. घरी आलो की वच्छला मला अंगणातच उभं करायची. वच्छला माझी बायको. ओल्या फडक्यानं पाठ झटकायची अन् म्हणायची, "पुरी गादी भरून आणली आज. उद्या उशीचं पाह्य जमते का." तिचं हे बोलणं दर हंगामाला तेच, अन् मी दर हंगामाला हसायचो नाही. मनात हसायचो.

आता अंगणात कोणी उभं करत नाही. तसाही आता अंगावर कापूस नसतो.

तरी हा हंगाम आला की तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. त्या हंगामात मी एक खोटं वजन टाकलं, आयुष्यात एकदाच. ते कापसाचं नव्हतं.

आधी सुखदेवबद्दल सांगतो. सुखदेव माझा धाकटा भाऊ. विशीत होता तेव्हा एक दिवस म्हणाला, विहीर माझ्याशी बोलते. आम्ही हसलो. मग तो जेवायचा बंद झाला, मग विहिरीपाशीच बसू लागला, तेव्हा हसायचं थांबलं. दवाखान्यात नेला. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. गोळीनं विहीर गप्प झाली अन् सुखदेव माणसात आला. लग्न झालं नाही. आमच्याच घरी राहिला. वस्तीतला बुद्धविहार झाडायचा, वर्षावासात तीन महिने रोज वाचन असतं तेव्हा सतरंज्या घालायचा अन् काढायचा. घडी अशी घालायचा की कोपऱ्याला कोपरा. त्याला गोळी वच्छला द्यायची, तळहातावर, वर गुळाचा खडा ठेवून. "घे रे भाऊ, कडूवर गोड." तीस वर्षांत एक दिवस चुकली नाही ती.

ती वैशाखात गेली. दोन दिवसांचा ताप झाला, तिसऱ्या दिवशी सकाळी उठली नाही. सुखदेव रस्त्यावर बसून मोठ्यानं रडला. त्याला लोक वेडा म्हणत, म्हणून त्याला रडायची मुभा होती. मी रडलो नाही. मी लाकडं मोजून घेतली, माणसांना चहा सांगितला, पाहुण्यांना गाडीत बसवून दिलं. कोणीतरी मागून बोललं, "दगडाचा हाये मापाडी." ते मी ऐकलं अन् खरं सांगू, मला ते मानाचं वाटलं.

मग हळूहळू एकेक गोष्ट जायला लागली. आधी झोप. मग जिभेची चव. भाजीत मीठ नाही हे सुखदेव सांगायचा तेव्हा मला कळायचं. भिंतीकडे तोंड करून मी दुपारच्या दुपार बसायचो अन् उठायचं कशासाठी ते आठवायचं नाही. अन् सकाळी चहा केला की कप तीन मांडले जायचे. मी मांडत नव्हतो, हात मांडायचा. एक माझा, एक सुखदेवचा, एक चुलीच्या अंगाला, ती बसायची तिथे. पहिल्या दिवशी मी तो तिसरा कप पाहत तसाच बसलो. तेवढ्यात सुखदेवनं आपला कप संपवला, तिसरा उचलला, तोही पिऊन टाकला, अन् दोन्ही कप विसळायला घेऊन गेला. मग रोजचंच झालं. मी तीन मांडायचो, तो दोन प्यायचा. लोक ज्याला वेडा म्हणत तो माझी अब्रू झाकत होता.

त्या वर्षी पोळ्यानंतर सुखदेवच्या औषधासाठी दवाखान्यात गेलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. चूक त्यांची नाही. तिथे एक बाई भेटली, मंजुषाबाई नावाची. पुण्याकडची, वय माझ्या नातीएवढं, मला नात असती तर. म्हणाली, आम्ही एक अभ्यास करतो आहोत. ज्यांना सुखदेवकाकांसारखा आजार आहे ते, अन् त्यांचे सख्खे भाऊबहीण, ज्यांना तो नाही. दोघांना तेच प्रश्न, तीच चित्रं, तीच रक्ताची तपासणी. मग पाहायचं की फरक कुठे पडतो. तुम्ही दोघं याल का? मर्जी असली तरच. मधून कधीही सोडता येईल.

"मले काऊन?" मी विचारलं. "मले काय झालं?"

"काही झालं नाही म्हणूनच, काका," ती म्हणाली. "आजारी माणसाचं मोजायचं तर कशाच्या तरी तुलनेत मोजावं लागतं ना? त्यासाठी ठणठणीत माणूस लागतो."

"म्हणजे बाट."

तिला कळलं नाही. मी समजावलं. एका पारड्यात माल, एका पारड्यात बाट. मालाचं वजन कोणालाच माहीत नसतं, बाटाचं माहीत असतं, म्हणून माल कळतो. ती हसली. "हो, तसंच. तुम्ही आमचा बाट."

मला असं कोणी बरेच दिवसांत बोललं नव्हतं.

ती कागद वाचू लागली. एकेक ओळ, सावकाश, मधे थांबून "कळलं ना काका?" असं विचारत. त्यात एक ओळ आली. ज्याच्या घरी वर्षभरात जवळचं कोणी वारलं असेल त्याला या अभ्यासात घेत नाहीत. दुःखात माणूस ठणठणीत धरता येत नाही, असं ती म्हणाली. अन् भाऊ नसेल तर सुखदेवलाही घेता येणार नव्हतं. जोडी लागत होती. अभ्यासातल्या लोकांना मोठे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी स्वतः पाहणार होते. एरवी महिन्यातून एकदा, तेही रांगेत, तेही दोन मिनिटं.

"घरी कोण कोण असतं?"

सुखदेव बाहेर बाकावर होता.

"आम्ही दोघं भाऊ," मी म्हणालो, "अन् माही घरवाली."

झालं. एवढंच खोटं. मी पुष्कळदा मनाला सांगितलं की ते सुखदेवसाठी बोललो, मोठ्या डॉक्टरसाठी. त्यात थोडं खरं आहे. पण माझा हात ढिगात जरा खोल गेला की आत गार लागतं. मला त्या पोरीच्या तोंडून "अरेरे" ऐकायचं नव्हतं. अन् मला बाट व्हायचं होतं. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला लाज वाटते. "घरवाली आहे" असं बोललो तेव्हा छातीवरचं ओझं पळभर उतरलं. कोणीतरी ते लिहून घेतलं. कागदावर ती होती.

गावात मी छाती काढून सांगितलं. शेजारचा किसना टपरीवर म्हणाला, "काय मापाडी, दवाखान्याचे लय चकरा होऊन राह्यले? सुखदेवाची लागण झाली का?"

"मले शहाणा म्हणून बोलावलं तिथं. तुले बोलावतीन का कोणी?"

"आमाले कायले बोलावतीन, आमी तं उघडेच शहाणे हावो," किसना म्हणाला अन् सगळे हसले. मीही हसलो. त्या हंगामातलं ते एक हसणं मला आठवतं.

दवाखान्याचा तो व्हरांडा अजून डोळ्यासमोर आहे. हिरवे बाक, वर फिरणारा पंखा, खिडकीतून दिसणारं कडुनिंबाचं झाड. बाकावर आमच्यासारख्या जोड्या. कोण आजारी अन् कोण बाट, ते पाहून सांगता येत नव्हतं. पिपरीची एक बाई होती, बहिणीसोबत यायची. आजार बहिणीला होता, ही बाट. एकदा बाहेर येऊन मला म्हणाली, "भाऊ, आज मी समदं सांगून टाकलं त्या पोरीले. नवऱ्याचं, सासूचं, दोनदा कुव्यावर गेलती ते बी. म्हटलं, आपलं झालं ते झालं, पन आपल्या सांगन्यानं कोनाचं लेकरू बरं होईन तं होऊ दे." कुवा म्हणजे विहीर. तिनं तसं सांगितलं म्हणून पुढच्या वेळी तिला बाटातून काढलं अन् तिच्यावर औषध सुरू केलं. बहीणही घरी गेली असेल त्या अभ्यासातून. मी तेव्हा मनात म्हणालो, बाईला अक्कल नाही.

आज वाटतं, त्या व्हरांड्यात खरं वजन त्या एका बाईचं होतं. तिथे येणाऱ्याला मिळत काय होतं? एक कप चहा अन् दोन बिस्किटं. लोक दिवस मोडून यायचे, दंड पुढे करून रक्त द्यायचे, कोणाजवळ न काढलेल्या गोष्टी अनोळखी पोरीजवळ काढायचे, कधी न दिसणाऱ्या माणसांसाठी. अन् त्यांच्या त्या खऱ्या गोष्टी माझ्यासमोर ठेवून मोजल्या जात होत्या.

प्रश्न सोपे होते. झोप कशी? चांगली. भूक? दोन भाकरी. कधी जीव नकोसा वाटला? मी हसलो. शंभरातून सात सात कमी करायचे होते. ते मी तिच्या पेन्सिलीच्या आधी केले. कागदावर घड्याळ काढलं, काटे बरोबर मांडले. मग चेहऱ्यांचे फोटो. अनोळखी माणसं, नुसती तोंडं. चेहरा कसा आहे ते सांगायचं. आनंदी, रागावलेला, घाबरलेला, उदास.

एक बाई होती फोटोत, खाली पाहणारी.

"कामावरून आली असन," मी म्हणालो. "थकली असन."

"उदास वाटत नाही का?"

"नाई. पाय दुखत असतीन."

सुखदेवची पाळी आली तेव्हा भावाकडून माहिती घ्यायची म्हणून मलाही आत बसवलं होतं. त्यानं तो फोटो हातात धरला, बराच वेळ पाहिला अन् म्हणाला, "हिचं कोनी गेलं."

मंजुषाबाईनं मान हलवून लिहिलं. मग नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, "अन् तुमच्या घरी सगळे कसे आहेत, सुखदेवकाका?"

"वयनी मेली ना, बाई," सुखदेव म्हणाला. "वैशाखात. दादा सांगत नाई. दादाले झोप नाई येत. सकाऊन तीन कप मांडते. त्याले बी एखांदी गोळी द्या तुमी, तो बरा नाई."

पंखा फिरत होता. बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विचारणं होतं, भांडण नव्हतं. त्या घडीला मी फक्त मान खाली घातली असती तरी पुरे होतं. बोलायचंही काम नव्हतं.

"त्याच्या डोक्यात बसलं हाये ते," मी म्हणालो. "असंच बोलते तो. घरची चांगली धडधाकट हाये."

"दादा?" सुखदेव म्हणाला. एवढंच.

बाईनं लिहिलं. तिच्याजवळ दोन माणसं होती, एक वेडा अन् एक बाट. तिनं बाटाचं ऐकलं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मग मोठ्या डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून विचारलं, हे कधीपासून बोलतो? मी म्हणालो, वैशाखापासून. हे बोलणं आधी नव्हतं ना? नव्हतं. त्यांनी गोळी वाढवली.

ऑटोत आम्ही समोरासमोर बसलो होतो. बजाज चौक गेल्यावर सुखदेव म्हणाला, "दादा, तू खोटं काऊन बोलला?"

"चूप बस."

"मेलेल्या मानसाले असं करू नाई, दादा. तिले जित्ती कायले केली?"

ऑटोवाला आरशातून पाहत होता. मी सुखदेवच्या मांडीवर थापटलं, जसं वेड्या माणसाला थापटतात, ऑटोवाल्याला कळावं म्हणून.

वर्षावास संपत आला होता. विहारात संध्याकाळी पंचशील म्हणतात, त्यात चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून ते म्हणत आलो, शब्द आपोआप येतात. त्या दिवशी चौथ्याला आलो तेव्हा बाजूला सुखदेव थांबला. बाकी सगळे पुढे गेले, तो थांबून माझ्या ओठांकडे पाहत राहिला. मी ओठ हलवले. दुसऱ्या दिवशीही तो थांबला. तिसऱ्या दिवशी मी मागे जाऊन बसलो.

मग नव्या गोळीचं काम सुरू झालं. आधी त्याचे हात थरथरू लागले. सतरंजीचा कोपरा कोपऱ्याला लागेना. तो पुन्हा उलगडायचा, पुन्हा घालायचा, अन् शेवटी ती तशीच बोळा करून ठेवून द्यायचा. तोंडातून लाळ यायची, ती बाहीनं पुसायचा. वर्षावासाच्या समारोपाला खीरदान झालं, सगळी वस्ती जमली, अन् सुखदेव भिंतीला टेकून बसून राहिला, खिरीचा द्रोण हातात तसाच. बाहेर कापूस फुटला होता. बाजारात गाड्यांची रांग लागली असेल, काटा वर-खाली होत असेल, अन् कोणीतरी ढिगात हात घालून सांगत असेल, कोरडा आहे.

घरी तिसरा कप तसाच राहू लागला. सुखदेव आपला एक प्यायचा, तोही अर्धा सांडायचा, अन् बसून राहायचा. तिसऱ्यावर साय धरायची. ती पाहायला लागू नये म्हणून मी दोनच मांडायचं ठरवलं, पण हात ऐकेना.

अभ्यासाच्या चौथ्या अन् शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा थंडी पडली होती. मंजुषाबाईनं स्वेटर घातलेलं होतं. तिनं विचारलं, "सुखदेवकाका, घरी सगळे कसे?"

मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बरे हाये," सुखदेव म्हणाला.

"वहिनी?"

"वयनी घरी हाये. बरी हाये."

त्याचा आवाज माझा होता. पहिल्या दिवशी "झोप चांगली, भूक चांगली" म्हणताना माझा जो आवाज होता, तोच, तसाच सपाट. बाईला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून उठली. "किती फरक पडला काका! तो विचार गेला त्यांच्या डोक्यातून." मग आम्हा दोघांचे आभार मानले. म्हणाली, तुमच्यासारखी माणसं स्वतःहून येतात म्हणून पुढच्या आजाऱ्यांचं काही भलं करता येतं. मी हात जोडले. सुखदेवनंही जोडले, थरथरत.

बाजारात आमच्याकडे दर वर्षी वजनमापवाला साहेब यायचा. त्याच्या पेटीत पितळी बाट असत, मखमलीत ठेवलेले. आमचा लोखंडी बाट तो त्या पितळीसमोर तोलायचा. लोखंडी बाट झिजतो. हातानं झिजतो, आपटून झिजतो, गंजून झिजतो. वरून दिसत मात्र नाही. आकडा तोच, रंग तोच. साहेब तो उलटा करायचा, खालच्या भोकात शिसं ओतून भरती करायचा अन् शिक्का मारायचा. एकदा एक बाट फारच झिजलेला निघाला. मी विचारलं, "साहेब, याच्यावर जे आजवर मोजलं त्याचं काय?" साहेब म्हणाला, "ते गेलं."

गेल्या महिन्यात मी ठरवलं की जाऊन सांगायचं. का ठरवलं? ओट्यावर तो कापूस पडला म्हणून. चिमटीत दाबला, कोरडा निघाला, अन् मला त्या कापसाचीच लाज वाटली. सुखदेवच्या औषधाची तारीख होतीच. त्याला बाकावर बसवला अन् मी अभ्यासाच्या खोलीत गेलो. मंजुषाबाई केव्हाच गेली होती. तिच्या जागी एक तरुण डॉक्टर होता, आपल्याकडचाच, बोलण्यावरून कळलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चाळीस वर्षं मी दुसऱ्याचं वजन ओरडून सांगितलं, आपलं सांगायला आधी दार लोटून घेतलं.

त्यानं नीट ऐकलं. मग म्हणाला, "काका, तो अभ्यास संपला. त्यात आता नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. लोकांचं गुपित राहावं म्हणून आम्हीच ते तोडून टाकलं. तुमचा कोणता, हे मले बी सांगता येणार नाई."

"पण त्यात मी खोटा हावो."

"एवढ्या लोकांत एका माणसानं काही फरक पडत नाई. तुम्ही मनाले लावून घेऊ नका."

तो चांगल्या मनानं बोलला. पण जन्मभर ज्यानं काटा धरला त्याला असं सांगू नये. मी म्हणालो, बरं, ते राहू द्या. माझ्या भावाची गोळी वाढवली ती माझ्या खोटं बोलण्यानं. ती तरी पाहा. तेव्हा तो गंभीर झाला. सुखदेवला आत बोलावलं.

"सुखदेवकाका, तुमची वयनी कुठी हाये?"

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी त्यानं असं पाहिलं.

"घरी," तो म्हणाला. "चहा ठेवला असन तिनं."

"सुखदेव, मी सांगतलं डॉक्टरले," मी म्हणालो. "समदं खरं सांगतलं. तू बी सांग आता."

"वयनी घरी हाये," तो पुन्हा म्हणाला, अन् हळूच हात पुढे करून माझ्या मांडीवर थापटलं.

डॉक्टर एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. आता त्याच्यासमोर दोन भाऊ होते अन् बाट कोणीच नव्हता. शेवटी तो म्हणाला, "काका, गोळीचं असं एकदम नाई करता येत. पुढच्या तारखेले वयनीच्या मृत्यूचा दाखला घेऊन येजा. ग्रामपंचायतीत भेटन. मंग मोठ्या साहेबांशी बोलून हळूहळू कमी करून पाहू." मग उठता उठता त्यानं विचारलं, "अन् तुमाले कसं वाटते आता? झोप येते?"

"येते ना," मी म्हणालो.

तोंडानं ते आपोआप म्हटलं.

सुखदेवला खरंच वाटतं का ती घरी आहे, की तो माझ्यासाठी म्हणतो, हे मला आजपर्यंत कळलं नाही. कधी वाटतं, गोळीनं त्याची ती आठवण पुसली. कधी वाटतं, त्याला सगळं ठाऊक आहे, अन् दादाला मोठ्या लोकांसमोर खोटं पडू द्यायचं नाही म्हणून तो बोलतो, तिसरा कप पिऊन टाकायचा तसं. दोन्ही गोष्टींचं वजन माझ्यावर सारखंच पडतं. त्याच्या ढिगात हात घालून पाहावं, तर हा हात आता त्या लायकीचा राहिला नाही.

दाखला नव्यानं काढायची गरज नव्हती; तो माझ्याजवळच होता. वैशाखातच काढून पेटीत ठेवला होता, तिच्या लुगड्याखाली. आज तारीख होती. सकाळी उठून पेटी उघडली, कागद काढला, घडी करून खिशात घातला. अंघोळ केली. चप्पल घातली. बाहेर ऊन चांगलं पडलं होतं, कापसाला लागतं तसं कोरडं, अन् रस्त्यानं दोन गाड्या बाजाराकडे गेल्या.

आत आलो तर सुखदेवनं चहा केला होता. हल्ली कधीमधी करतो, हात कापतात तरी करतो. कप मांडत होता. एक माझ्यासमोर, एक स्वतःसमोर. तिसरा दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, चुलीच्या अंगाला ठेवला.

"वयनी," तो म्हणाला, "आमी दवाखान्यात जातो. दार लावून घेजो."

अन् तिनं हो म्हणावं एवढा वेळ थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. फोटोतले चेहरे मला कधी ओळखता आले नाहीत, हा आला. त्याला बरं वाटलं होतं. त्या वैशाखानंतर पहिल्यांदा माझ्या घरात कोणाला तरी बरं वाटलं होतं. खिशातला कागद दाखवला असता तर ते तिथल्या तिथे गेलं असतं. नाही दाखवला तर हात कापत राहतील, लाळ गळत राहील. काटा असा मधोमध थांबलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. तेव्हा मापाड्यानं बोलायचं असतं.

मी चप्पल काढली.

"नाई जायचं, दादा?"

"पुढच्या तारखेले जाऊ."

त्यानं आपला कप संपवला अन् तो विसळायला मोरीकडे गेला. पाण्याचा आवाज आला. मी पटकन सरकलो, चुलीच्या अंगाचा कप उचलला अन् साय धरायच्या आत गरमच पिऊन टाकला. जीभ पोळली. चव कळली नाही. रिकामा कप होता तसा जागेवर ठेवला अन् आपल्या जागी येऊन बसलो.

सुखदेव आला. त्यानं रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप उचलून विसळायला घेऊन गेला.